रोज एक बारीक रेघ

काल सकाळी कारखान्याचा भोंगा झाला. सहा-सात महिने मुका पडलेला असतो तो. मग दिवाळीच्या आगेमागे एक दिवस बॉयलर पेटतो, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते आणि भोंगा असा काही ओरडतो की हातातली कपबशी हिंदकळते. लोक म्हणतात, चला, हंगाम सुरू झाला. उसाच्या गाड्या दिसायला लागतात, रस्त्यावर पाचट सांडतं, वाऱ्यावर मळीचा आंबूस वास येतो. मला मात्र एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो, मिटतो. ओट्यावर जातो, परत आत येतो. बायको म्हणते, "बसा की जरा. पाय पोळल्या मांजरागत काय चाललंय?" मी बसतो, आणि बसल्या बसल्या उजव्या हाताचं मनगट वर-खाली करून बघतो. पन्नासावर वर्षं झाली, दर हंगामाला हे असंच. गंमत म्हणजे माझ्या मनगटाला कधीच काही झालं नव्हतं. मनगट गेलं होतं ते माझ्या वहिनीचं, आणि ते घालवलं होतं मी.

मुळात मला दम कधी निघालाच नाही. लहानपणी हरभरा पेरला की तिसऱ्या दिवशी माती उकरून कोंब आलाय का बघायचो. आई म्हणायची, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." वहिनी या घरात आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तिनंच मला शाळेसाठी सकाळी उठवलं, तिनंच डोक्यातल्या उवा काढल्या, परीक्षेच्या दिवशी तिनंच दही हातावर ठेवलं. ते दही ठेवणारा हात मला अजून दिसतो. मनगटात हिरव्या बांगड्या, अंगठ्याजवळ विळ्याचा जुना पांढरा वण.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. पावसानं तेव्हाच हात आखडता घेतला होता. पण आमचं गाव कोपरगाव तालुक्यात, पाटाच्या काठाला, त्यामुळे पाण्याची पाळी मिळत होती आणि ऊस डोक्याच्या वर उभा होता. मी नगरला कॉलेजात पहिल्या वर्षाला. अंगावर एनसीसीचा खाकी गणवेश चढल्यापासून मी गावात जरा छाती काढूनच चालायचो. दिवाळीच्या सुट्टीला घरी येताना ट्रंकेत प्रथमोपचाराचं पातळसं पुस्तक आणलं होतं. त्यात साप चावलेल्या माणसाचं चित्र होतं: दंडाला बांधलेली दोरी, दोरीत घातलेली काडी, काडीनं दिलेला पीळ. ते चित्र मी इतक्यांदा बघितलं होतं की डोळे मिटून काढलं असतं. खरं सांगतो, लपवून काय करायचंय आता, कुणाला तरी काहीतरी व्हावं आणि ते मी पुस्तकातल्यासारखं निस्तरावं, अशी माझी आतून इच्छा होती. देव कधी कधी भलत्याच वेळी ऐकतो.

वसुबारस दोन दिवसांवर आली होती. दुपार टळत होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाण्याची पाळी विचारायला पाटकऱ्याकडे गेला होता. वहिनी चारीच्या कडेला म्हशीसाठी गवत कापत होती. चारी म्हणजे पाटातून शेतात येणारा छोटा कालवा. तिच्या कडेला गवत माजलेलं असतं. शेजारच्या रानात सोपाननाना, आमचे सत्तरीचे शेजारी, बैल धूत होते. मी बांधावर पुस्तक घेऊन लोळत होतो. वहिनी एकदम "अगं आई" म्हणाली आणि हात झटकत उभी राहिली. उजव्या हाताच्या पाठीवर रक्ताचे बारीक ठिपके.

सोपाननाना धावत आले. पाण्यात सळसळत जाणारं जनावर त्यांनी बघितलं होतं. म्हणाले, "दिवड हाय ती. पान्यातली दिवड. चावती लई, पन इख नसतं तिला. भिऊ नगंस, पोरी."

त्यांना साप ओळखता येत होते, मला चित्र ओळखता येत होतं. मी तोवर बैलाच्या कासऱ्याचा तुकडा घेऊन वहिनीच्या दंडाला आवळलाही होता. बाभळीची काडी घातली आणि पीळ दिला. वहिनीनं दात ओठात रोवले. नाना म्हणाले, "अरं, येवढं कशापाई आवळतूस?" मी म्हणालो, "नाना, तुम्हाला यातलं कळत नाही." एकोणीस वर्षांचा होतो मी.

नानांनी गाडी जुंपली. वाटेत मारुतीच्या देवळाशी थांबवली. आमच्याकडे साप चावलेल्याला मारुतीपुढे बसवून लिंबाचा पाला खायला देतात. पाला कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर माणूस गेला. नानांनी मूठभर पाला दिला. वहिनीनं चावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "लई कडू हाय, नाना." "मग चल घरी," नाना म्हणाले. मी हसलो. कॉलेजातली पोरं हसतात तसं नाकातून हसलो आणि म्हणालो, "गाडी कोपरगावला घ्या, सरकारी दवाखान्यात." नानांनी माझ्याकडे बघितलं आणि बैलांना हाकललं.

दोन वेळा वहिनीनं विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, "भाऊजी, जरा सैल करा. हात लई ठसठसतोय." दुसऱ्यांदा आवाज बारीक झाला होता. "बोटं माझी हायत का गेली तेबी कळंना हो. जरा सैल करा." तिचा हात काळानिळा पडला होता. आणि मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं, झोपेतून उठवून विचारा: "मला कळतं, वहिनी. तुम्ही गप्प बसा."

आता ऐका. पुस्तकात त्या चित्राखाली एक ओळ होती. दर अर्ध्या तासाने बंध थोडा वेळ सैल करावा. ती ओळ मला पाठ होती. गाडीत बसल्या बसल्या ती माझ्या डोक्यात घण घालत होती. पण सैल केलं आणि तेवढ्यात विष वर चढलं तर? वहिनी माझ्या मांडीवर मेली तर? तिची छबी, सहा महिन्यांची पोर, घरी पाळण्यात होती. पुस्तक पाठ असणं वेगळं आणि गाठ सोडायची छाती असणं वेगळं. मी ती काडी मुठीत घट्ट धरून बसून राहिलो, कोपरगाव येईपर्यंत. तीन तास झाले होते.

डॉक्टर मध्यम वयाचे, चष्म्यातून वर बघत बोलणारे. त्यांनी चावल्याची जागा बघितली आणि पहिल्यांदा दोरी कापली. वहिनी तेव्हा ओरडली. साप चावला तेव्हासुद्धा अशी ओरडली नव्हती. बारीक दातांची कमान उठली होती, विषारी सापाचे दोन दात नव्हते. "बिनविषारी आहे," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "बाई, हात वर उचला." कोपर उचललं, हात उचलला, पण मनगट खाली लोंबत राहिलं. बोटं मिटत होती, उघडत नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "दोरी किती वेळ होती?"

नाना बाहेर बैलांपाशी होते. वहिनी खाटेवर डोळे मिटून पडली होती. मी म्हणालो, "अर्धा तास."

"मग घाबरायचं कारण नाही. शिर दबली आहे. दोन-तीन आठवड्यांत येईल परत."

माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला वाटतं, गोष्ट तिथं संपली. माझी तिथं सुरू झाली. त्या अर्ध्या तासाला धरून डॉक्टरांनी वायदा दिला होता, आणि त्या वायद्याला धरून घरातलं प्रत्येक माणूस दिवस मोजत होतं. मला एकट्याला माहीत होतं की हिशेबच खोटा आहे.

ती दिवाळी कशी गेली ते विचारू नका. वहिनी पिठात हात घालायची आणि हात तिथंच आडवा पडायचा. भाकरी थापायला मनगट लागतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आम्ही सगळे ताटात पडलेली भाकरी खाणारे. आई म्हातारी, तिच्या हातच्या भाकरी जाड व्हायच्या. छबीला उचलताना वहिनी डावा हात खाली घालायची आणि उजव्याचं कोपर नुसतं आधाराला लावायची. भाऊबिजेला तिचा भाऊ आला. तिनं डाव्या हातानं ओवाळलं. आई तोंड फिरवून चुलीकडे बघत राहिली. भावाच्या कपाळाला कुंकू वाकडं लागलं होतं, ते त्यानं पुसलं नाही.

आणि मी? मी रोज सकाळी तिच्यापुढे जाऊन उभा राहायचो. "वहिनी, उचला बघू." ती उचलायची. मनगट लोंबायचं. दुपारी पुन्हा, दिवेलागणीला पुन्हा. गावात सगळे म्हणत होते, दीर किती काळजी करतो बघा. एक दिवस वहिनी वैतागली. म्हणाली, "भाऊजी, बियानं रोज उकरून बघितल्यावर उगवंल व्हय? जावा, तिकडं जाऊन बसा." मी गेलो आणि उसात बसून रडलो. उसात रडायला बरं असतं, पाचट वाजतं, कुणाला ऐकू येत नाही.

कारखान्याचा भोंगा त्याच दिवसांत झाला. गावभर तोडणीची घाई उडाली. तीन आठवडे झाले, वर चार दिवस झाले. मनगट जिथल्या तिथं. आता लोक बोलायला लागले. कुणी म्हणे वारं गेलंय हातावरनं, कुणी म्हणे दिवड नव्हतीच ती, नानाची नजर गेलीय. नाना बिचारे ओट्यावर येऊन सांगायचे, "दिवडच हुती रं, म्या बघितली." कुणी ऐकेना. खरं बोलणारा एकटा माणूस गावात खोटा ठरला होता, आणि मी तिथंच चहा पीत बसलेला असायचो.

मग दादानं ठरवलं. शेजारच्या गावात एक माणूस डाग द्यायचा. विळ्याचं टोक चुलीत लाल करायचं आणि गेलेल्या हाता-पायाला चटका द्यायचा, म्हणजे झोपलेली शिर जागी होते असा समज. दादा काही अडाणी नव्हता, सातवी शिकलेला होता. पण बायकोचा हात लोंबताना तीन आठवडे बघितलेल्या माणसाला तुम्ही शहाणपण शिकवू नका. "डॉक्टरचा वायदा झाला की न्हाई? मंग आता दुसरं बघायला नगं?" असं तो म्हणाला. तो माणूस मंगळवारी येणार होता. वहिनी छबीला मांडीवर घेऊन तिच्या डोळ्यांत काजळ घालत होती, डाव्या हातानं.

सोमवारी सकाळी मी सायकल काढली. कोपरगावापर्यंत एकदाही उतरलो नाही. दवाखान्यात रांग होती. रांगेत उभा राहवेना, म्हणून नुसता फेऱ्या मारत राहिलो. शेवटी डॉक्टरांपुढे गेलो आणि खुर्चीवर न बसताच म्हणालो, "अर्धा तास नव्हता. तीन तास होते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अर्धा तास मला सांगितलास?"

"हो."

"आणखी थोडा वेळ ठेवली असतीस तर हात कापावा लागला असता. कळतंय का तुला?" बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते बोलले. मी मान खाली घातली. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं असावं, कारण म्हणाले, "बस." आणि समजावून सांगितलं. आयुष्यात इतकं नीट मला कुणी काही समजावलं नाही.

"विहिरीवरच्या मोटरीची वायर बघितली आहेस ना? वर रबर, आत तार. दंडातून जाणारी शिर तशीच. नुसतं रबर चेपलं तर काही आठवड्यांत सुरू होतं. मला वाटलं तसंच आहे. पण तीन तास दोरी म्हणजे आतली तार त्या जागी तुटलेली असणार. तिथून खालची तार मरते. वरून ती पुन्हा उगवत यावी लागते."

"तार उगवते?"

"तांब्याची नाही उगवत. माणसाची उगवते. वरची नळी शाबूत असली की तिच्यातून वाट काढत येते. पण सावकाश." त्यांनी टेबलावरची फुटपट्टी उचलून माझ्यापुढे धरली आणि तिच्यावरची सगळ्यांत बारीक रेघ नखानं दाखवली. "रोज एवढं. एक रेघ. जास्त नाही. तू कितीही तडफड केलीस तरी जास्त नाही."

मी ती रेघ बघत राहिलो. दंडापासून कोपराच्या खालपर्यंत किती रेघा होतील, मनातल्या मनात मोजल्या. संक्रांत उजाडणार होती. तेही सगळं नीट झालं तर. डॉक्टर म्हणाले, मनगट लोंबतं ठेवू नका, पट्टीला बांधून वर धरा. बोटं दुसऱ्या हातानं रोज सरळ करा, नाहीतर शिर परत येईल आणि सांधे आखडलेले सापडतील. आणि डाग अजिबात नको. हाताच्या पाठीला चटका धड कळणारही नाही, नुसती जखम चिघळेल. शेवटी म्हणाले, "दोरीचा वळ आहे तिथं बोटानं टिचकी मार. अंगठ्याकडे झिणझिण्या गेल्या तर समज, तार जिवंत आहे. ती टिचकीची जागा दिवसेंदिवस खाली सरकत जाईल. सरकली की ओळखायचं, येतेय."

परत येताना सायकल जड झाली होती. डॉक्टरांना सांगणं सोपं होतं, ते परके. दादा उसाला पाणी देत होता. गुडघाभर चिखलात उभा, हातात फावडं. मी सरीच्या कडेला उभा राहून सगळं सांगून टाकलं. चित्र, ओळ, काडी, तीन तास, अर्धा तास, डॉक्टरांनी सांगितलेली पट्टी, टिचकी आणि रेघ. दादानं ऐकून घेतलं. भरलेल्या सरीचं तोंड मातीनं बंद केलं, पुढच्या सरीचं उघडलं. मला वाटत होतं, आता फावडं डोक्यात बसतंय. बसलं असतं तर बरं झालं असतं. तो पाण्याकडे बघत होता. सरी भरत आली तेव्हा म्हणाला, "शेवटाला पानी पोचाया येळ लागतो. तोंडाशी कितीबी नाचलं तरी." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आईला सांगू नगंस. तुझ्या वैनीला सांग, आत्ता जाऊन."

वहिनी अंगणात छबीला न्हाऊ घालत होती. मी सांगितलं. ती थांबली नाही. पोरीच्या अंगावर पाणी घालत राहिली, कोपरानं पोरीला सावरत. मग म्हणाली, "मी तिथंच हुते की. डोळं मिटलं हुतं, कान न्हाई."

"मग बोलला का नाहीत, वहिनी?"

"तुमचं तुमी सांगताय का बघत हुते." तिनं छबीला फडक्यात गुंडाळलं. "उद्या इळा तापला असता, तरी बघत बसले असते का न्हाई, मला ठावं न्हाई. सैल करा म्हनले त्ये न्हाई ऐकलं, त्ये समजते, भ्यालात. पन गप्प बसा म्हनलात." आणि आत जाता जाता म्हणाली, "हात वर आला की बघते तुमच्याकडं."

त्या दिवसापासून तिनं मला भाऊजी म्हटलं नाही. माझ्याशी बोलायचीच नाही. जे बोलायचं ते छबीला सांगायची. "छबे, काकाला सांग, च्या निवतोय." "छबे, काका उद्या नगरला जानार, त्याला म्हनावं डबा घे." छबी बोळकं पसरून हसायची. एवढासा निरोप्या आणि एवढी मोठी शिक्षा. मार परवडला असता.

मंगळवारी डाग देणारा आला. दादानं त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मग माझी लाकडी फुटपट्टी मागितली. तळहातापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत फडक्यात गुंडाळून ती बांधली, आणि वहिनीचं मनगट महिन्याभरानं पहिल्यांदा वर राहिलं. दादानं दंडावरच्या वळाशी टिचकी मारली. वहिनी दचकली. "अंगठ्याकडं मुंग्या गेल्या," म्हणाली. छबीच्या काजळाच्या डबीत बोट बुडवून दादानं तिथं एक ठिपका काढला.

मी नगरला परतलो. कॉलेजात लक्ष लागेना. डिसेंबरात लढाई सुरू झाली. नगर पडलं लष्कराचं गाव. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले, पोरं रेडिओला कान लावून बसायची, कोण कुठं पोचलं यावर वाद घालायची. एनसीसीची पोरं तर हवेतच होती. मी पोस्टमनची वाट बघायचो. दादाची पोस्टकार्डं यायची, तीनच ओळींची. "ठिपका बोटभर खाली. पाळी मिळाली. छबीस दात आला." पुढच्या पंधरवड्यात, "ठिपका अजून अर्धा बोट. तोड चालू आहे." एका कार्डात नुसतं, "ठिपका होता तिथंच. सर्व ठीक." ते कार्ड आलं त्या आठवड्यात मी जेवलो की नाही ते मला आठवत नाही. पोरं ढाक्याचं बोलत होती आणि मी खोलीच्या कोपऱ्यात दुसऱ्या फुटपट्टीवरच्या रेघा मोजत होतो. बेशरमपणा म्हणा, पण देशाची लढाई मला लांब वाटत होती. माझी लढाई एका बाईच्या दंडातून रोज एक रेघ सरकत होती आणि तिथं मला काहीच करता येत नव्हतं.

पुढे मी शाळेत शास्त्र शिकवलं, तीस-बत्तीस वर्षं. मज्जातंतूंचा धडा यायचा. पुस्तकात पिवळ्या रंगाचे तंतू, फळ्यावर मी पिवळ्या खडूनं काढायचो, आणि दर वर्षी तोच तंतू दोन-दोनदा गिरवत बसायचो. पोरांना वाटायचं, सरांना विसरायला होतंय. मी सांगायचो त्यांना: जे तुटतं ते झटक्यात तुटतं, त्याला तीन तास पुरतात, जे जुळतं ते रोज एक रेघ. परीक्षेत हे विचारत नाहीत. पोरं वहीत लिहून घ्यायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी एसटीनं गावी आलो. दादाचं शेवटचं कार्ड येऊन पंधरा दिवस झाले होते, त्यानंतर काहीच नाही. उतरल्यापासून घरापर्यंत मी पळतच आलो असेन. वहिनी पाटावर बसून तीळ निवडत होती, पदर दंडावरून ओढलेला, हात पदराखाली. "छबे, काका आला बघ," म्हणाली. झालं. मी दादाकडे बघितलं तर तो बैलांना कडबा टाकायला निघून गेला. आई म्हणाली, हातपाय धू. घरातली सगळी माणसं मिळून काहीतरी गिळून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई-दादांनी तिळगूळ दिला. मग वहिनी समोर आली, डाव्या हातात वाटी. म्हणाली, "भाऊजी, हात करा."

मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिलो. दोन महिन्यांनी तो शब्द ऐकत होतो. हात पुढे केला तेव्हा कुठं बघितलं: तिचा उजवा हात पदराबाहेर आला होता. फुटपट्टी नव्हती. मनगट वर होतं. थरथरत होतं, पण वर होतं, कुणी न धरता. बोटं अजून धड उघडत नव्हती. वाकड्या बोटांत वडी धरून तिनं ती माझ्या हातावर सोडली. चार दिवसांपासून मनगट हलत होतं, आणि दादाला तिनं कार्ड टाकू दिलं नव्हतं.

"तिळगूळ घ्या," म्हणाली. आणि त्याच हातानं, त्याच अर्ध्या उघडलेल्या बोटांनी, माझ्या गालावर एक चापट ठेवून दिली. फार लागली नाही. तेवढा जोर अजून आलाच नव्हता. "ही गप्प बसा म्हनलात त्याची. आता गोड बोला."

आई बघतच राहिली. चापटीमागचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. दादा दारात उभा राहून डोळे पुसत हसत होता. मी रडलो, सगळ्यांसमोर, वडी हातात धरून. बोटं सरळ व्हायला गुढीपाडवा उजाडला, अंगठा सगळ्यांत शेवटी आला. पाडव्याला तिनं पुन्हा भाकरी थापली. पहिली भाकरी तिनं सोपाननानांकडे पाठवली, माझ्याच हाती. "त्यांच्या पाया पडा आन सांगा, दिवडच हुती," म्हणाली. मी पडलो आणि सांगितलं. नाना म्हणाले, "म्या कवाधरनं त्येच सांगतोय."

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहे, त्याच घरी, छबीपाशी. छबीला नातवंडं झाली. दर संक्रांतीला मी जातो. वहिनी तिळगूळ देते आणि मग उजव्या हातानं गालावर चापट मारते. मी विचारतो, "झालं का, वहिनी?" ती म्हणते, "अजून न्हाई." पोरंसोरं हसतात, त्यांना तो खेळ वाटतो. मीही हसतो. मात्र परत येताना मला हलकं वाटतं, कारण अजून नाही म्हटलं म्हणजे पुढच्या संक्रांतीची सोय झाली.

गेल्या वर्षी मी विचारलं. चापट मारायला आलेला हात गालावर तसाच राहिला. बराच वेळ. तिच्या सुरकुतलेल्या तळहाताची ऊब मला लागत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात छबीनं आतून काहीतरी विचारलं, वहिनी तिकडे वळली, आणि राहिलं. या खेपेला ती 'अजून न्हाई' म्हणणार नव्हती, एवढं मी ओळखलंय.

काल भोंगा झाला. संक्रांतीला दोन-अडीच महिने आहेत, त्याच्या रेघा मी मोजल्यात. बसवत नाही एका जागी. यंदा एवढंच म्हणा, वहिनी. अजून न्हाई म्हणा.